शक्ती-तुऱ्याच्या बारीत स्त्रीची जागा कोणती?

रत्नागिरी, प्रतिनिधी -

रॅप गाण्यांतील शिवराळपणा आणि स्त्रियांविषयीची हीन भाषा हा विषय गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांपासून न्यायालयांपर्यंत गाजला. हे गाणे अमेरिकेतून आलेले, तेव्हा त्यातील दोषही परकेच, असा एक सोयीस्कर समज शहरी घरांत रूढ आहे. परंतु दोन कवींनी समोरासमोर उभे राहायचे, पद्यात एकमेकांना कोंडीत पकडायचे आणि जमलेल्या लोकांनी हार-जीत ठरवायची, हा खेळ कोकणाला मुळीच नवा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे नाव शक्ती-तुरा. आणि रॅपवर घेतले जाणारे दोन्ही आक्षेप या घरच्या कलेवरही घेतले जातात. पहिला आक्षेप असा, की सवाल-जवाबाच्या नावाखाली स्त्रीदेहावर द्विअर्थी विनोद केले जातात. दुसरा असा, की कला एका समाजाची आणि तिचे नाव, पैसा व प्रतिष्ठा मात्र दुसऱ्यांच्या पदरी, असा व्यवहार होतो. हे दोन्ही आक्षेप नीट समजून घ्यायचे तर मुळात ही बारी कशावरून सुरू झाली, हे पाहावे लागते.

वाद तत्त्वज्ञानाचा

शक्ती-तुरा हे महाराष्ट्रातील जुन्या कलगी-तुरा परंपरेचे कोकणी रूप होय. या परंपरेची दंतकथा बुंदेलखंडातील चंदेरीपर्यंत जाते. तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांचा वाद ऐकून तिथल्या राजाने एकाला आपल्या मुकुटातील तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी ती कथा. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या खेळाच्या उगमाशी लोकस्मृतीने एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन साधू बसवले आहेत. कलगी-तुऱ्याचे फड महाराष्ट्राबाहेर मध्य प्रदेश आणि राजस्थानातही आढळतात.

वादाचा विषय ठरलेला. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात. कलगीवाले, म्हणजेच कोकणातील शक्तीवाले, शक्तीला, मायेला, प्रकृतीला आद्य मानतात. शिवाने शक्ती निर्माण केली की शक्तीने शिव, या एका प्रश्नाभोवती शेकडो भेदिक रचना झाल्या. भेदिक म्हणजे ज्याचा भेद उलगडावा लागतो असे गाणे. एका बाजूने पुराणातील एखादे आडवळणाचे नाते, देहातील चक्रांची संख्या किंवा एखादे कूट पद्यात घालून विचारायचे. दुसऱ्या बाजूने त्याचे उत्तर पद्यातच द्यायचे आणि वर आपला सवाल टाकायचा. उत्तर आले नाही तर हार. ज्यांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, अशा कष्टकऱ्यांनी सांख्य आणि वेदांतातील परिभाषा या मार्गाने तोंडपाठ केली, ही या कलेची केवढी तरी मोठी कमाई आहे.

रत्नागिरीत हा सामना जाखडी नृत्यासह रंगतो. मध्ये शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले आणि साथीचे गायक बसतात. त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले नाचे रिंगण धरतात. गौरी-गणपतीच्या दिवसांत गावोगावी, आणि एरवी मुंबईच्या नाट्यगृहांत, दोन मंडळांमध्ये बारी होते. आधी गण, मग गौळण आणि मग सवाल-जवाब असा साधारण क्रम असतो. गिरणगावातील चाकरमान्यांनी ही कला मुंबईत नेली आणि जोपासली. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद होईपर्यंत अशा सामन्यांचे हक्काचे ठिकाण होते.

तत्त्वाचे भांडण नवरा-बायकोच्या भांडणात उतरते, तेव्हा

आता आक्षेपाकडे वळू. ज्या खेळाची एक अख्खी बाजू स्त्रीतत्त्वाचे श्रेष्ठत्व सांगण्यासाठी उभी आहे, तिथे स्त्रीची टवाळी शिरते तरी कशी?

याचे उत्तर खेळाच्या रचनेतच दडलेले आहे. शक्ती आणि शिव ही तत्त्वे असली तरी ती स्त्री आणि पुरुष या रूपांतच बोलतात. शक्तीवाला शाहीर पुरुष असतो. त्याच्या मागचे गायक पुरुष, नाचे पुरुष. तरीही बारीपुरता तो बाईच्या बाजूचा. त्यामुळे तुरेवाल्याला एक आयती वाट मिळते. समोरच्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी त्याला बाई ठरवायचे, तिला बायको करायचे, तिची लग्ने लावायची, तिला जागा दाखवायची. शक्तीवालाही मग मायेचे तत्त्व सोडून प्रतिपक्षाच्या घरातील बायकांवर घसरतो. म्हणजे दोन्हीकडून वापर होतो तो स्त्रीचाच. जिच्या श्रेष्ठत्वावर वाद सुरू झाला तीच वादातील शिवी होऊन बसते.

गौळणीच्या भागातही हाच धोका असतो. गौळण हा मुळात भक्तिगीताचा प्रकार. संतांनी तो जिवाशिवाच्या भेटीचे रूपक म्हणून वापरला. नमन-खेळे आणि तमाशा या दोन्हींमध्ये तो विनोदासाठीही वापरला जाऊ लागला. परंपरेने राधा, गौळणी आणि मावशी या भूमिका पुरुषच करीत आले. पुरुषाने केलेली बाई, तिला छेडणारा पुरुष आणि ते पाहून हसणारा बहुतांशी पुरुषांचा जमाव, अशा या मांडणीत विनोदाची मर्यादा सांभाळणारे कोणीच उरत नाही.

त्यात व्यवहाराची भर पडते. कूटाचे उत्तर ऐकायला प्रेक्षकाला पुराणे ठाऊक असावी लागतात. द्विअर्थी ओळीला तेवढी तयारी लागत नाही. हशा आणि बक्षीस दुसऱ्या प्रकाराला चटकन मिळते. यूट्यूब आल्यापासून तर बारीतील नेमका तेवढाच तुकडा कापून फिरतो. रात्रभराच्या सामन्यातील तासभराचा गंभीर वाद मागे पडतो आणि दोन मिनिटांचा टोमणा लोकप्रिय होतो. जे टिकते तेच पुढचा शाहीर शिकतो. पूर्वी भेदिकाची वही गुरूकडून शिष्याकडे जात असे. आता शिष्यापुढे आधी येतो तो भ्रमणध्वनीचा पडदा. खुद्द शाहिरांतूनच या घसरणीविरुद्ध आवाज उठत आले आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

फिलिपिन्समधील जुळे उदाहरण

हा अनुभव एकट्या कोकणाचा नाही. फिलिपिन्समध्ये अशाच पद्यमय वादाची परंपरा आहे. तिला बालाग्तासान म्हणतात. तिचा पहिला प्रयोग ६ एप्रिल १९२४ रोजी मनिला येथे, मुलींच्या एका शिक्षणसंस्थेत झाला. होसे कोराझोन दे हेसुस आणि फ्लोरेन्तिनो कोल्यांतेस हे दोन कवी त्यात फुलपाखरू आणि भुंगा झाले होते. भांडण कशावरून, तर फूल कोणाचे यावरून. फूल म्हणजे अर्थातच स्त्री. वाद करणारे दोन पुरुष आणि वादाचा विषय झालेली एक स्त्री, ही मांडणी इथेही तीच.

पुढे क्लार्क आणि सुबिक येथील अमेरिकी लष्करी तळ, रेडिओ आणि स्थलांतरित नातलग यांच्यामार्फत त्या देशात हिप-हॉप पोचले. १९९० या एकाच वर्षात तिथे दोन गाणी गाजली. फ्रान्सिस मागालोनाचे गाणे देशबांधवांना स्वाभिमानाची हाक देणारे होते. अँड्र्यू ई. याचे गाणे कुरूप जोडीदार शोधण्याचा विनोदी सल्ला देणारे आणि बाईच्या चेहऱ्याची थट्टा करणारे होते. २०१० मध्ये फ्लिपटॉप ही रॅपच्या द्वंद्वांची स्पर्धा सुरू झाली आणि इंटरनेटवर तिने अफाट प्रेक्षक मिळवला. बालाग्तासानचीच ही नवी आवृत्ती, असे तिचे कौतुक झाले. मात्र प्रतिस्पर्ध्याची आई, बहीण, प्रेयसी यांच्यावर घसरण्याची सवय तिथेही टीकेचा विषय झाली.

तिथल्या वादाला दुसरीही बाजू आहे. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला असे मानतात. ज्या समारंभात डीजे कूल हर्कने तबकड्या वाजवल्या, तो त्याच्या बहिणीने, सिंडी कँपबेलने, आयोजित केला होता. गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांतील तरुणांनी दारिद्र्य आणि वंशभेदाच्या अनुभवातून ही कला घडवली. फिलिपिनो कलावंत तिची वेशभूषा, बोली आणि आव उचलतो, पण त्यामागच्या अनुभवाशी त्याचे नाते काय, असा प्रश्न तिथे विचारला जातो. त्यावरचे उत्तरही तितकेच वजनदार आहे. जो देश १८९८ पासून जवळजवळ अर्धशतक अमेरिकेच्या अमलाखाली होता, त्याने अमेरिकेतील शोषितांची भाषा उचलली तर तिला चोरी म्हणावे काय? उसने घेताना स्वाभिमान घेतला की शिवीगाळ, यावर या प्रश्नाचा निकाल अवलंबून आहे.

कला कोणाची, नाव कोणाचे

उसनवारीचा हा प्रश्न रत्नागिरीत निराळ्या रूपात उभा राहतो. जाखडीला शहरांत ‘बाल्या नाच’ या नावाने ओळखतात. हे नाव त्या नाचाने स्वतःला दिलेले नाही. कानात बाळी घालणाऱ्या रत्नागिरीकडच्या कुणबी गड्याला मुंबईच्या सुखवस्तू घरांत ‘बाल्या’ म्हणत. हाक मारण्याचा तो तुच्छतेचा शब्द त्याच्या नाचाला चिकटला आणि पुढे स्नेहसंमेलनांत, चित्ररथांवर, दूरचित्रवाणीवर तोच रूढ झाला.

या समाजाचा इतिहास विसरून या कलेचा विचार करता येत नाही. कोकणातील खोती पद्धतीने कुळांना पिढ्यान्‌पिढ्या खोताच्या दारात उभे ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. दिवसा वेठ आणि रात्री वेदांताचे कूट, असे ज्यांचे जगणे होते, त्यांच्या कलेतून ठेका, वेश आणि गिरकी तेवढी उचलायची आणि सवाल-जवाबाची विद्वत्ता वगळायची, याला अपहरण म्हणायचे की आदरांजली, याचा विचार शहरी आयोजकांनी करायला हवा.

मराठी लोककलेत या प्रश्नाचे सर्वांत टोकदार उदाहरण लावणीचे आहे. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे जन्माने ब्राह्मण, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते तमाशाच्या फडात उतरले आणि महार समाजातील पवळा या कलावतीबरोबरच्या त्यांच्या जोडीने महाराष्ट्र गाजवला. बापूरावांचे नाव शाहिरीच्या इतिहासात सन्मानाने घेतले जाते. पवळेची आठवण सौंदर्याच्या आख्यायिकांपुरती उरली. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेली तमाशाच्या उत्पन्नातील देणगी आंबेडकरांनी नाकारली, असा प्रसंग अभ्यासकांनी नोंदवला आहे. आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये आणि इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जात आणि लावणी-तमाशातील स्त्रिया यांच्या या संबंधाची सविस्तर चिकित्सा आहे. कलेचा अपहार आणि स्त्रीची अवहेलना या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते. ज्या समाजाची कला फुकट मानली जाते, त्याच समाजातील बाईही फुकट मानली जाते.

बंदीने काय साधते?

अशा वेळी पहिली मागणी होते ती बंदीची. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील गाणे गाणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ मध्ये होती. इंटरनेटवरील अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहे. नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात गायक हनी सिंग यांच्याविरुद्ध अश्लील गाण्यांच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला आणि २०२२ मध्ये आवाजाचा नमुना देण्यासाठी त्यांना नागपुरात यावे लागले.

परंतु कायदा अश्लीलता मोजतो, अवमान मोजत नाही. एखादी ओळ एकाही अश्लील शब्दाविना स्त्रीला कस्पटासमान लेखू शकते. उलट एखादी शृंगारिक लावणी स्त्रीच्या इच्छेला सन्मानाने शब्द देऊ शकते. शिवाय बंदीचा फटका बसतो कोणाला, हेही इतिहासाने दाखवले आहे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या सरकारने १९४८ च्या सुमारास अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटींसह ती उठवली. सुधारणेच्या त्या काळात संहिता तपासली गेली, शाहिरांना व्यासपीठ मिळाले. पण पोट नाचण्यावर होते त्या स्त्रियांचे, आणि निर्णयात त्यांना विचारले कोणी? दुसरे असे, की पोलिसी हत्यार एकदा हाती आले की ते केवळ अश्लीलतेवर चालत नाही. २०२३ मध्ये राज्यातील सत्ताबदलावर उपरोधिक रॅप करणाऱ्या तरुणांवर महाराष्ट्रात गुन्हे दाखल झाले होते.

अपहाराच्या बाजूने मात्र कायद्याचा थोडा आधार आहे आणि तो शाहिरांना फारसा ठाऊक नसतो. पारंपरिक चाल कोणाच्याही मालकीची नसते. परंतु शाहिराने स्वतः रचलेला सवाल वा जवाब ही १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याखाली त्याची साहित्यकृती ठरते आणि तिला त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. गायक आणि वादकांनाही कलावंत म्हणून ५० वर्षांचे स्वतंत्र हक्क आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना आपले नाव लावले जाण्याचा आणि सादरीकरणाचा विपर्यास रोखण्याचा नैतिक हक्कही दिला. म्हणून बारी चित्रित करून विकणाऱ्याशी लेखी करार करणे हा शाहिराचा अधिकारच आहे.

झिम्म्यातील विनोद रंगमंचावर

स्त्रियांना विनोद वर्ज्य असतो, असे कोकणात तरी कोणी म्हणू नये. गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडीच्या खेळात सासू, दीर, जाऊ आणि खुद्द नवरा यांची जी रेवडी उडवली जाते, ती कोणत्याही तुरेवाल्याला ऐकवणार नाही. फरक इतकाच, की पुरुषांचा टोमणा मंडपात, ध्वनिवर्धकावर असतो आणि बायकांचा माजघरात. अलीकडच्या काळात स्त्री शाहीरही शक्ती-तुऱ्याच्या बारीत उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांच्यासमोर जुना प्रश्न नव्या रूपात येतो. ‘बाई विरुद्ध पुरुष’ अशी जाहिरात करून गर्दी खेचायची आणि मग तिला जुन्याच टोमण्यांचे लक्ष्य करायचे, असे झाले तर तिच्या येण्याने काहीच बदलणार नाही. ती शक्तीची बाजू कूटाने लढवत असेल आणि तिच्या कूटाला कूटानेच उत्तर मागितले जात असेल, तर मात्र वादाला हरवलेला पाया परत मिळेल. कारण या खेळाच्या इतिहासात शक्तीच्या बाजूने शक्तीच बोलते आहे, असे क्वचितच घडले आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आयोजकाने सुपारी देतानाच सवालाला जवाब मिळाला की नाही यावर निकाल ठरेल, असे सांगावे. बक्षीस कशाला द्यायचे हे प्रेक्षकाने ठरवावे. मंडळांनी जुन्या भेदिकांच्या वह्या जपून त्यांची छपाई करावी आणि चित्रफितीवर शाहिराचे, वादकांचे व गावाचे नाव यावे. ‘बाल्या’ऐवजी ‘जाखडी’ म्हणायला तर शहरातील माणसाला एक पैसाही पडत नाही.

शक्तीविना शिव म्हणजे शव, असे शक्तीवाले पिढ्यान्‌पिढ्या बजावत आले आहेत. तुरेवाल्यांकडेही त्यावर तयार उत्तर असते आणि म्हणूनच हा वाद आजवर मिटलेला नाही. तो मिटूही नये. त्याच्यावरच ही कला जगते. प्रश्न एवढाच आहे, की येत्या गणपतीत मंडपात समोर बसलेल्या आयाबहिणींनी तो वाद शेवटपर्यंत ऐकावा, की मध्येच उठून घरी जावे.